सुलूआत्यापुरता कायदा

अमेरिकेत एकाच माणसापुरता कायदा करता येतो, हे मला कॉव्हेंट्रीतल्या आमच्या स्वयंपाकघरात कळलं. संध्याकाळची वेळ होती. बाबांनी फोन खाली ठेवला आणि आईला म्हणाले, "सुलूसाठी तिथल्या पार्लमेंटमध्ये बिल आणतायत." आई पोळ्या लाटत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "तिच्या एकटीसाठी?" "एकटीसाठी," बाबा म्हणाले. तेवढ्यात पुढच्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, "पार्लमेंट नाही रे, काँग्रेस!" आजोबांचे कान त्या वयातही शाबूत होते, आणि सभागृह, ठराव, दुरुस्ती असले शब्द कुठंही उच्चारले गेले की त्यांना ते भिंतीपलीकडूनही ऐकू यायचे.

आमचं घर रांगेतलं शेवटचं, त्यामुळे एका बाजूनं सतत थंड. पुढची खोली आजोबांची. तिथं गॅसची शेगडी दिवसभर फुसफुसत असायची आणि खिडकीबाहेरच्या चढावर गिअर बदलताना बस कण्हायची. आजोबा तरुणपणी मिरजेहून इथं आले आणि तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात लेथवर उभे राहिले. पण त्यांना विचारलं तर ते लेथबद्दल काही सांगायचे नाहीत. युनियनच्या शाखेचे ते सेक्रेटरी होते, त्याबद्दल सांगायचे. कोणी ठराव मांडला, कोणी अनुमोदन दिलं, कोरम नसताना घेतलेली सभा त्यांनी कशी रद्द करायला लावली. गोऱ्या मंडळींना वाटायचं की या माणसाला इंग्रजी नीट येत नाही, आणि मग हा माणूस उभा राहून नियमावलीतलं कलम सांगायचा. नियम पाळला की आपल्यासारख्यांनाही न्याय मिळतो, यावर त्यांची श्रद्धा होती. देवावर नव्हती. निवृत्तीनंतर त्यांनी अलॉटमेंट, म्हणजे पालिकेचा भाड्यानं मिळणारा भाजीचा तुकडा, घेतली होती, तिथं मेथी आणि आंबट देठांचं रूबार्ब लावायचे. आई आमटीत कोकमाऐवजी रूबार्ब घालायची. तिची ती गुलाबी आंबट आमटी मला अजून करता येत नाही. माझी नुसती आंबट होते.

सुलूआत्या बाबांची धाकटी बहीण. ती याच घरात वाढली, इथल्याच शाळेत शिकली. पुण्याच्या एका मुलाशी लग्न करून ती अमेरिकेला गेली, कारण त्याची नोकरी तिकडे होती. त्याच्या व्हिसावर तिचा व्हिसा. तन्वी तिथंच जन्मली, म्हणून ती अमेरिकन. तन्वीला जन्मापासून ऐकू येत नाही. काका एका सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोसळले आणि गेले, तेव्हा तन्वी आठ वर्षांची होती. त्यांच्याबरोबर आत्याचा तिथं राहण्याचा हक्कही गेला. वकिलानं अर्ज करायची मुदत चुकवली, आणि ते तिला वर्षभरानंतर कळलं. तोवर तिथल्या कायद्यानं तिला पकडलं होतं: राहाल तर बेकायदा, आणि देश सोडाल तर दहा वर्षं परत पाऊल ठेवता येणार नाही.

"मग इकडे ये ना, पोरीला घेऊन. पासपोर्ट आहे तुझ्याकडे," बाबा दर फोनला म्हणायचे. त्यांना ते इतकं सोपं वाटायचं. ते बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात मेंटेनन्सला होते. काही बिघडलं की पार्ट बदलायचा, ही त्यांची पद्धत. पण तन्वी खुणांच्या भाषेत बोलायची, आणि अमेरिकेतली खुणांची भाषा वेगळी, इथली वेगळी. अगदी वेगळी, साधी मुळाक्षरं तिकडे एका हातानं करतात, इकडे दोन्ही हातांनी. आत्या एकदा म्हणाली, "दादा, ती इथं शाळेत वाद घालते, जोक मारते, मैत्रिणींना नावं ठेवते. तिकडे आणली तर पुन्हा मुकी होईल रे." त्यावर बाबांनी फोन आईकडे दिला, पण पटलं म्हणून नाही.

तन्वीच्या शाळेतल्या शिक्षकांनी आणि पालकांनी सह्या गोळा केल्या, त्या भागातून निवडून आलेल्या सदस्याला गाठलं, आणि त्यानं आत्याच्या नावाचं बिल आणायचं कबूल केलं. आणि नेमकं त्याच वर्षी मी सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीत, ए-लेव्हलच्या परीक्षेला पॉलिटिक्स घेतलं होतं, ज्यात अर्धं वर्ष अमेरिकेची काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष शिकावे लागतात. आजही मला वाटतं, मी भूगोल घेतला असता तर बरं झालं असतं.

सतरा वर्षांच्या मुलीला घरात महत्त्व मिळणं ही धोकादायक गोष्ट आहे. एरवी मला कोण विचारत होतं? पण आता फोन आला की बाबा म्हणायचे, "थांब, सईला देतो, तिला सगळं येतं." मी पुस्तक उघडून पुढच्या खोलीत बसायची, आणि आजोबा प्रश्न विचारायचे. त्यांचे हात थरथरायचे म्हणून त्यांची मराठी पत्रं कित्येक वर्षं मीच लिहायची. माझं मराठी त्या पत्रांतून आलेलं आहे.

"हे सगळं कशाला?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "प्रेसिडेंट आहे ना त्यांचा? त्यालाच लिहू. सई, घे कागद."

"आजोबा, त्याला कायदा करता येत नाही."

"म्हणजे? जगभर फौजा पाठवतो, आणि एका बाईला राहा म्हणता येत नाही?"

"कायदा काँग्रेसच करणार. त्याच्याकडे तो शेवटी सहीला जातो. त्यानं सही केली की झाला. नाही आवडला तर दहा दिवसांत परत पाठवायचा. मग दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा पास केला, तर त्याची सही नसली तरी चालते. आणि दहा दिवसांच्या आत काँग्रेसच घरी गेली असली, तर त्यानं नुसता खिशात ठेवला तरी मेला."

आजोबांनी बराच वेळ मान हलवली. "इथं आपला एमपी होम ऑफिसला फोन करतो, मिनिस्टर म्हणतो राहू द्या, संपलं. पण हे बरं आहे. एकाच्या मर्जीवर नाही." त्यांना ते मनापासून आवडलं होतं. राष्ट्राध्यक्षाला काँग्रेस अडवते, काँग्रेसला राष्ट्राध्यक्ष अडवतो, आणि दोघांना कोर्ट. आमचे पॉलिटिक्सचे शिक्षक मिस्टर हॅडली वर्गात म्हणाले होते की, हे यंत्र 'नाही' म्हणण्यासाठीच बांधलेलं आहे, त्यातून 'हो' बाहेर पडलं तर आश्चर्य मानायचं. ते मी आजोबांना सांगितलं नाही.

बिल आधी हाउसच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, कमिटीत गेलं, तिथून उपकमिटीत. महिनोन् महिने तिथंच पडून राहिलं. हजारो बिलं येतात आणि बहुतेक तिथंच संपतात, हेही पुस्तकात होतं. पण उपकमिटीनं इमिग्रेशन खात्याकडे आत्याच्या प्रकरणाचा अहवाल मागितला, आणि त्या सदस्याच्या ऑफिसातल्या केटी नावाच्या मुलीनं आत्याला सांगितलं की, अहवाल मागितला म्हणजे निकाल लागेपर्यंत तुम्हाला कोणी हात लावणार नाही. त्या दिवशी आईनं शिरा केला. उन्हाळ्यात बिल कमिटीतून बाहेर पडलं, आणि सप्टेंबरमध्ये हाउसपुढे आलं.

ते आम्ही कॉम्प्युटरवर लाइव्ह पाहिलं. जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप, समोर आजोबा टाय लावून. खरंच टाय लावला होता त्यांनी. पडद्यावर जवळजवळ रिकामं सभागृह, एक बाई उंच आसनावर, एक कारकून भराभर वाचतोय. आत्याचं नाव त्यानं इतकं चुकीचं उच्चारलं की आम्हाला पहिल्यांदा कळलंच नाही. दोन सदस्यांनी हरकत घेतली असती तर बिल परत कमिटीत गेलं असतं. कोणी घेतली नाही. हातोडा आपटला. एक मिनिटही लागलं नसेल. आजोबांनी टेबलावर तळहात ठेवला आणि युनियनच्या सभेत ठराव मंजूर झाल्यावर म्हणायचे तसं, अगदी हळू म्हणाले, "कॅरीड." मग ते रडले. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"आता फक्त सिनेट," मी फोनवर आत्याला सांगितलं, "आणि सही." फक्त!

ऑक्टोबरमध्ये आजोबांना कावीळ झाली असं आम्हाला वाटलं. ती नुसती कावीळ नव्हती. कन्सल्टंटनं बाबांना बाजूच्या खोलीत नेऊन स्वादुपिंड हा शब्द इंग्रजीत सांगितला, आणि नाताळ दिसेल की नाही सांगता येत नाही, असं म्हणाला. पुढच्या खोलीत हॉस्पिटलचा उंच पलंग आला. शेगडी चालूच होती, पण आजोबांना आता तिची ऊब लागत नव्हती. आई मऊ मुगाची खिचडी करायची, ते दोन चमचे घ्यायचे आणि बाकीची बाजूला ठेवायला सांगायचे, "सुलू आली की खाईल." मग स्वतःच भानावर यायचे.

बाबांना ती यायला हवी होती. आईला वाटत होतं की त्यात आपण पडू नये. आत्या रोज फोन करायची आणि रोज तेच विचारायची, आणि उत्तर द्यायला फोन माझ्या हातात यायचा. निवडणूक झाल्यावर सिनेट पुन्हा भरणार होती, नव्या लोकांनी शपथ घेण्याआधी जुन्यांचे शेवटचे काही आठवडे. अशी छोटी बिलं तेव्हा एका झटक्यात, कोणाची हरकत नसली की, पास करतात. केटी म्हणाली होती, डिसेंबरचा दुसरा आठवडा. मी आत्याला म्हणाले, डिसेंबरचा दुसरा आठवडा. कोणाची हरकत नसली की, हे वाक्य मी गाळलं. माझ्या पुस्तकात त्यावर पूर्ण एक परिच्छेद होता: शंभरांतल्या कुठल्याही एका सिनेटरनं आपल्या पक्षाच्या नेत्याला नुसतं कळवलं की माझी हरकत आहे, तर बिल थांबतं. मी तो परिच्छेद हायलाइट केलेला होता. पिवळ्या रंगानं.

नोव्हेंबरच्या मध्यावर एक दिवस मी कॉलेजातून आले तर घरात फक्त आजोबा. आई शाळेच्या किचनमध्ये कामाला होती, ती अजून परतायची होती. मी कोटही काढला नव्हता. त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं.

"सई. सुलूला सांग, ये."

"आजोबा, बिल..."

"बिल राहू दे. मी बोललो तर मला रडू येईल, म्हणून तू सांग. म्हणावं, अण्णांनी बोलावलंय."

"मग तिला दहा वर्षं परत जाता येणार नाही. तन्वीचं काय?"

त्यांनी डोळे मिटले. त्यांना हे सगळं माहीत होतं. माझ्याइतकंच, माझ्यापेक्षा जास्त. "मला कळतं," ते म्हणाले. "तरी सांग."

"सांगते," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. तिकडे दुपार होती, मागे शाळेच्या बसचा आवाज येत होता. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. "सई, खरं सांग," ती म्हणाली, "अण्णा काय म्हणतात? त्यांनी एकदा ये म्हटलं ना, तर मी उद्या निघते. तन्वीला तिच्या मैत्रिणीकडे ठेवीन. पुढचं पुढे बघेन. काही म्हणाले का ते?"

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. बाबा आंघोळीला गेले होते. मी म्हणाले, "ते म्हणतात, बिल होऊ दे."

"असं म्हणाले?"

"हो."

"अण्णांचंच वाक्य," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आला. पण त्यात थोडी सुटकाही होती, ती मी ऐकली. ती सुटका मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला पुरावा म्हणून दाखवत राहिले. मी तन्वीचा विचार केला, असंही स्वतःला सांगितलं. तो केलाही असेल. पण खरं कारण लहान होतं. मी वर्षभर या घराला काँग्रेस समजावून सांगितली होती, बिल पास होणार असं म्हटलं होतं, आणि ते पास होताना मला बघायचं होतं. तीन आठवड्यांनी माझं बरोबर ठरणार होतं.

त्यानंतर आजोबा रोज विचारायचे, "निघाली का?" मी म्हणायची, "तिकीट बघतेय." पहिल्या खोटेपणापेक्षा हा जास्त वाईट होता, कारण हा रोज बोलावा लागायचा. शेवटच्या आठवड्यात त्यांनी विचारणं सोडलं. मी खोलीत आले की दाराकडे बघायचे, माझ्यामागे कोणी आहे का ते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी, बाबा त्यांची दाढी करत असताना ते गेले. अर्ध्या गालाला फेस तसाच होता. बाबांनी आधी तो पुसला आणि मग आम्हाला हाक मारली.

अंत्यविधी आत्यानं कॉम्प्युटरवर पाहिला. दहनगृहानं त्याची सोय केली होती, एक छोटा कॅमेरा, आवाज नाही. युनियनचे चार म्हातारे गोरे सहकारी आले होते, चौघांनीही काळे टाय लावलेले. तिकडे तन्वी आईच्या शेजारी बसून विचारत होती म्हणे की, सगळे खाली का बघतायत.

केटीचा फोन त्यानंतर नऊ दिवसांनी आला. सिनेटमध्ये हरकत आहे. कोणाची, ते सुरुवातीला सांगत नव्हते. मग बाहेर आलं. आत्याच्या राज्यातला नाही, तिच्या विरोधातला किंवा बाजूचाही नाही. लांबच्या कुठल्या राज्यातला माणूस. त्याच्या कमिटीनं राष्ट्राध्यक्षाच्या एका खात्याकडे काही कागद मागितले होते आणि ते खातं देत नव्हतं. कागद मिळेपर्यंत इमिग्रेशनचं एकही बिल पुढे जाऊ देणार नाही, असं त्यानं कळवलं होतं. राष्ट्राध्यक्षाला जाब विचारायचा काँग्रेसला हक्क आहे. परीक्षेत त्याला मार्क असतात. तो हक्क बजावताना हातात जे सापडलं त्यात माझी आत्या होती, इतकंच. आणि ही हरकत नवी नव्हती. ऑक्टोबरपासून तिथं होती. मी जिन्याच्या पायरीवर बसून ते वाक्य बोलले, तेव्हा ते बिल केव्हाच मेलेलं होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला, तिथल्या दुपारी बारा वाजता, जुनी काँग्रेस संपली. तशी ती संपली की सगळी अर्धवट बिलं आपोआप रद्द होतात. कोणाला त्यांच्या विरोधात मतही द्यावं लागत नाही. जूनमध्ये माझ्या पेपरात प्रश्न आला, राष्ट्राध्यक्षावर काँग्रेसचा अंकुश कितपत प्रभावी आहे. मी पाच पानं लिहिली. मला वरची ग्रेड मिळाली. बाबांनी अभिनंदन केलं, आणि मग म्हणाले, "अण्णा असते तर..." मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले.

आत्याला घालवून दिलं नाही. तिची फाइल कुठल्या तरी ढिगात राहिली, आणि ती दर सकाळी दार वाजलं की दचकत आठ वर्षं तिथं राहिली. तन्वी एकवीस वर्षांची झाली आणि तिनंच आईसाठी अर्ज केला. नागरिक मुलीची आई म्हणून आत्याला कायम राहण्याचं ग्रीन कार्ड मिळालं. त्याला ना बिल लागलं, ना सिनेट, ना कोणाची सही. तिची सुटका बिलानंच होईल, हा आजोबांचा अंदाज चुकला आणि माझा तर चुकलाच.

ती पुढच्या उन्हाळ्यात कॉव्हेंट्रीला आली. केस पांढरे झालेले, आणि बोलताना हात आपोआप हलत होते, तन्वीशी बोलायच्या सवयीनं. बाबा आणि आई दुकानात गेले होते. पुढच्या खोलीत आता सोफा होता. ती खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा शेवटी शांत होते ना? बिल होऊ दे म्हणाले, तेव्हा?"

मी आठ वर्षं या प्रश्नाची वाट बघत होते आणि तो कधी येऊ नये असंही वाटत होतं. मी सगळं सांगितलं. कोट न काढता त्यांच्याजवळ गेले ते, 'मला कळतं, तरी सांग' ते, आणि रोज विचारायचे तेही. सांगताना मी तन्वीचं नाव मध्ये आणलं, आणि आणताना मला माझीच लाज वाटली.

आत्या सोफ्याच्या कडेला बसली. मांडीवरचे हात तिनं एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.

"मी आले असते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तन्वी तिकडे एकटी वाढली असती."

"हो."

"तू तिच्यासाठी केलंस?"

मी खोटं बोलू शकले असते. "थोडं," मी म्हणाले. "जास्त माझ्यासाठी. मला बरोबर ठरायचं होतं."

तिनं मान हलवली, अगदी आजोबांसारखी, बराच वेळ. मला वाटलं, आता ती मला जवळ घेईल. किंवा मारेल. बाहेर बाबांची गाडी थांबल्याचा आवाज आला, डिकी उघडली, आईचं काही तरी बोलणं ऐकू आलं. आत्या उठली आणि त्यांना दार उघडायला निघाली. जाता जाता थांबली.

"त्या सिनेटरला निदान मी कोण हे माहीत नव्हतं, सई," ती म्हणाली, आणि पिशव्या घ्यायला बाहेर गेली.